दाराहून मोठी ढोली

"आडवी करा न बाप्पा! उभी कशी निघन?" मुखरूचा धाकटा भाऊ डोमा अंगणातून ओरडला.

ढोली आडवी झाली आणि चौकटीत आणखीच घट्ट बसली. आतून दोघे ढकलत होते, बाहेरून दोघे ओढत होते आणि मधे ती, हिरव्या बांबूची, पोट सुटलेली, कुणालाच दाद न देणारी. रस्त्यावर बिरजूचा टेम्पो उभा होता. धानाची पोती त्यात केव्हाच चढली होती, वर संसाराचं किडूकमिडूक चढलं होतं. राहिली होती ती एकटी ढोलीच. बिरजूला तालुक्याच्या मूल गावी परत जाऊन दुसरी खेप मारायची होती, म्हणून मधूनमधून हॉर्न वाजवून तो आपला राग कळवत होता.

सावरटोल्यात एरवी सकाळी बघण्यासारखं काही नसतं. त्यामुळे अर्धं गाव मुखरूच्या अंगणात लोटलं होतं आणि जो येईल तो सल्ला देत होता. कोणी म्हणालं, चौकट उखडा. कोणी म्हणालं, ढोलीवर पाणी मारा, बांबू नरम पडेल. एका म्हातारीने पाणी ढोलीवर नको, मुखरूच्याच डोक्यावर मारा असं सुचवलं, तेव्हा बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

मुखरूची बायको कमळा तुळशीजवळ उभी होती. खांद्याला पिशवी, पायात चपला, म्हणजे टेम्पोत बसायच्या तयारीत. ढोलीचा तमाशा तिने थोडा वेळ पाहिला. मग ती ढोली सोडून नवऱ्याकडेच बघत राहिली.

ढोली म्हणजे धान साठवायची कणगी. बांबूच्या कामट्यांची विणायची, शेणामातीने आतून-बाहेरून लिंपायची, आणि मग वर्षभराचं धान पोटात घेऊन तिने घराच्या कोपऱ्यात उभं राहायचं. छोट्या टोपल्या, सुपं बाजारात मिळतात, पण मोठी ढोली बाजारातून आणायची रीत इकडे नाही. बुरडाला घरी बोलवायचं आणि ढोली जिथे राहायची तिथेच त्याने बसून ती विणायची. घरांची दारं बुटकी, अरुंद आणि ढोली माणसाच्या छातीला लागणारी, तेवढीच रुंद, तेव्हा दुसरा मार्गच नसतो. एकदा आत विणली की ती त्या घराची झाली. हे सावरटोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मुखरूचा तर जन्मच याच घरातला.

"मी म्हटलं होतं भाऊले," कोलू बुरड ज्याला त्याला सांगत सुटला होता. त्याच्या कामावर बालंट येत होतं, ते त्याला सहन होईना. "म्हटलं, मूलले येतो. तुमच्या नव्या घरातच बसतो. भाऊ म्हने, हिरवा बांबू नेता नेता सुकन, इथीच वीन. म्हटलं, दारातून निघन का? भाऊनं दाराकडं पाह्यलं. म्हने, निघते."

सगळ्यांनी मुखरूकडे पाहिलं.

"वाटलं निघन," मुखरू डोकं खाजवत म्हणाला. "चुकला अंदाज."

लोक पुन्हा हसले. कमळा मात्र हसली नाही.

*

मुखरू चंद्रपूर डेपोत एसटीचा ड्रायव्हर होता. सगळी नोकरी त्याने स्टेअरिंगमागे काढली आणि त्यातली निम्मी वस्तीच्या गाडीवर. वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी आडगावात जाऊन मुक्काम करणारी आणि पहाटे तिथून सुटणारी. कधी अहेरीच्या पुढे, कधी एटापल्लीकडे, कधी थेट सिरोंचाला. दुसऱ्यांच्या गावात जाऊन झोपायचं, दुसऱ्यांच्या कोंबड्याच्या आरवण्यावर उठायचं आणि दुसऱ्यांच्या शेतावरचं धुकं काचेतून बघत निघायचं. पुढे सूरजागडच्या खाणीचे ट्रक रस्त्यावर आले आणि गाडी चालवण्यातली मजाही गेली. तेव्हापासून मुखरू एकच गोष्ट घोकत होता, रिटायर झालो की आपल्या गावाला. आपल्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून पहिला चहा पिईन. बाकी काही नको.

यात कमळाला काय हवं, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं असंही नाही. बायको बरोबर येणारच, त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटत होतं.

कमळाला सावरटोला पुरेपूर माहीत होता. लग्न होऊन ती इथेच आली, आणि मुलगा पियुष शाळेत जाण्याएवढा होईपर्यंत इथेच राहिली. नवरा डेपोजवळ खोली घेऊन होता. बायको गावात सासूजवळ होती. धानाच्या लावणीचा रोवणा आला की सकाळी बांधीत उतरायचं ते दिवस मावळेपर्यंत कमरेत वाकून राहायचं. पायांच्या बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, त्यात रॉकेल घालून पुन्हा दुसऱ्या दिवशी चिखलात. बोडीवरून, गावतळ्यावरून पाणी. मोहफुलं वेचायला जंगलात जायचं तर चार बायकांनी मोठमोठ्याने बोलत जायचं, वाघाला कळावं म्हणून. आणि या सगळ्या काळात कमळा म्हणून तिला कोणी हाक मारली नव्हती. सासूची ती सून होती, गावाची मुखरूची बायको होती, पुढे पियुषची माय झाली.

मग सासू गेली आणि ती चंद्रपूरला आली. बाबूपेठेत दोन खोल्या. उन्हाळ्यात भट्टी, बारा महिने धूळ, दोरीवरचे पांढरे कपडे वाळेपर्यंत राखाडी. कमळाला ते आवडलं. लोकांना खरं वाटत नसे, पण तिला ते मनापासून आवडलं. नळ घरात यायचा. नवरा वस्तीच्या गाडीवर गेला की रिकाम्या वेळात तिने शेजारणीकडून मशीन शिकून घेतली, मग खिडकीशी स्वतःची मशीन टाकली, आणि साडीला पिको-फॉल करून घ्यायचं असलं की गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, कमळाबाईंकडे जा. संध्याकाळी ओट्यावर बायकांचा फड जमायचा. तिच्या एखाद्या बोलण्यावर सगळ्या हसल्या की तिला सासूसमोर मान खाली घालून बसलेली आपणच आठवायची, आणि ती बाई दुसरीच कोणीतरी वाटायची.

मुखरू रिटायर झाला आणि घरात धुसफूस सुरू झाली. भांडण म्हणावं असं ते नव्हतं. तो म्हणायचा, गावाचं घर शाकारून घेतो. ती म्हणायची, घ्या. तो म्हणायचा, मग जाऊ. ती म्हणायची, पाहू. शेवटी पियुषला असह्य झालं. पियुष एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये होता, त्याला प्रत्येक दुखण्यावर मधलं औषध माहीत होतं.

"बाबा, मूललेच घर पाहा न," तो म्हणाला. "गाव बी जवळ, चंद्रपूर बी जवळ. पाहिजे तवा इकडं, पाहिजे तवा तिकडं. दोघायचं बी मन राह्यते."

सून दिव्यानीनेही मान हलवली. बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती. मुखरू हो म्हणाला, कमळा हो म्हणाली. आयुष्यभर हा ड्युटीवर आणि आपण घरी. निदान आता तरी एका छपराखाली राहायला मिळेल, एवढ्या एका गोष्टीवर ती हो म्हणाली. मग ते छप्पर कुठे का असेना.

मूलला रेल्वे लाइनीपलीकडच्या ले-आउटमध्ये घर झालं. तीन खोल्या, नळ, पोर्च, लोखंडी फाटक. ले-आउट म्हणजे काल-परवापर्यंतचं धानाचं शेत, जुने धुरे अजून जमिनीत दिसत होते. शेजारी एक मास्तर, त्यापलीकडे बँकेतला कोणी. सगळे भले लोक. संध्याकाळ झाली की सगळ्यांची फाटकं लागायची. वास्तुपूजेच्या वेळी दोघं तिथे चार दिवस राहिली. मुखरू सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर यायचा आणि कुठे उभं राहावं हे न कळून परत आत जायचा. कमळा संध्याकाळी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायची, समोरच्या रिकाम्या प्लॉटवरचं गवत बघायची आणि अंधार पडण्याआधीच उठायची. दोघांनीही एकमेकांना विचारलं, "बरं हाय न?" आणि दोघांनीही सांगितलं, "बरं हाय."

त्यानंतर ठरलं की सुगीला गावी जायचं आणि धान चुरून, मळून झालं की तिथूनच कायमचं मूलला राहायला जायचं. नव्या घरात ढोली पाहिजे, असं मुखरूने सांगितलं. ढोलीशिवाय घर कसं, म्हणाला. कमळाला त्यात वावगं वाटलं नाही.

*

आता ती तुळशीजवळ उभी राहून नवऱ्याकडे बघत होती आणि तिला एक पूल आठवत होता. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी ती त्याच्या गाडीत बसून माहेरी निघाली होती. पावसाने पूल अर्धा खचलेला. गाडीतली सगळी माणसं खाली उतरली. मुखरूने खिडकीतून एकदा मान बाहेर काढली, पुलाकडे पाहिलं आणि गाडी सरळ काढली. दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून. डेपोत कोणाची गाडी कोपऱ्यात अडकली की मुखरूला बोलावणं यायचं. इतक्या वर्षांत त्याच्या गाडीच्या पत्र्याला ओरखडा गेला नव्हता.

आणि हे दार तर त्याच्या बापाने बसवलेलं. लहानपणापासून त्याने याच चौकटीवर कपाळ आपटून घेतलेलं.

"अवो," कमळाने हाक मारली. "जरा मांगं या."

मुखरू तिच्यामागे सांदवाडीत गेला. घरामागच्या त्या वाडीत वालाचा मांडव होता, शेंगा लगडल्या होत्या. अंगणातला गलका इथे कमी ऐकू येत होता.

"एक ईचारू का?" ती म्हणाली.

"ईचार न."

"एवढ्या वर्सांत गाडी कुठी घासली का तुमच्याच्यानं?"

"नाई बा. एकदा बी नाई," मुखरू ताठ होऊन म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की आपण कुठे सापडलो.

"मंग दार काऊन नाई दिसलं?"

मुखरूने वालाची एक शेंग तोडली. ती सोलली, आतले दाणे पाहिले.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

कमळाला वाईट वाटलं. नवऱ्याने फसवलं याचं नव्हे. इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याशी एक वाक्य बोलायला त्याला बुरड बोलवावा लागला, याचं.

"मंग तोंडानं सांगाचं न."

"कसं सांगू वं? तू हो म्हनली होती. पोरानं एवढी धावपळ केली. घर झालं, पूजा झाली, पंगत झाली. आता कोन्या तोंडानं म्हनू का मले नाई जाचं तिथी? म्हटलं, ढोलीच सांगन."

"ढोलीले काय तोंड हाय?"

"तुले समजलं न पन."

मुखरू खाली बसला. त्याचा चेहरा चोरी करताना पकडलेल्या माणसासारखा होता, पण हलकाही झाला होता.

"मले तिथी झोप नाई येत," तो म्हणाला. "सप्पा जिंदगी दुसऱ्याच्या गावात मुक्काम केला. मूलले गेलो का तसंच वाटते. सकाळी उठाचं आन गाडी काहाडाची. इथी आलो का वाटते, आता उतरलो."

कमळा त्याच्यासमोर टेकली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत एकदम डेपोतला जुना खट्याळपणा आला.

"एक मी बी ईचारू का?"

"काय?"

"तुही मशीन कुठी हाय? मूलच्या सामानात तं नाई दिसली."

"दुरुस्तीले देल्ली."

"दिवाळीच्या आंधी देल्ली म्हने. आता संक्रांत येऊन राह्यली. शिलाई मशीन हाय का रेल्वेचं इंजन?"

कमळाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मशीन बाबूपेठेत खिडकीशी होती, तिच्यावर कापड होतं आणि कापडाच्या घडीत अर्धी झालेली साडी होती. कोणी न्यायला आलं तर दुरुस्तीत आहे असं सांग, असं तिने दिव्यानीला बजावून ठेवलं होतं.

"खिडकीपाशीच हाय," ती म्हणाली.

आधी मुखरू हसला. मग ती हसली. दोघं वालाच्या मांडवाखाली बसून डोळ्यांत पाणी येईतो हसत राहिली. एवढं मन मोकळं करून दोघं शेवटचं कधी हसली होती, हे दोघांनाही आठवलं नसतं. हसू ओसरलं आणि मग डोळ्यांतलं पाणी तेवढं राहिलं.

"आता?" मुखरूने विचारलं.

"मी इथी नाई राहत," कमळा म्हणाली. हे वाक्य तिने मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते अगदी सोपं निघालं. "तुम्ही रागवा. डोमा, त्याची मंगली, गाव काय म्हनाचं ते म्हनो. या घरात आली का मी पुन्हा सून होते. सासूबाई जाऊन एवढी वर्सं झाली, तरी चुलीपाशी बसली का मले त्याइचा आवाज येते. तिकडं मले चार बायका नावानं बलावते. तेवढं नका तोडू."

"आन मी तिकडं गेलो तं?"

"तिकडं तुम्ही खिडकीतून गाड्या मोजत बसता. मी पाह्यलं नाई का? मशीनीचा आवाज आला का तुमचं डोकं दुखते."

मुखरूने सोललेल्या शेंगेचे दाणे जमिनीवर एका ओळीत ठेवले. मग तो म्हणाला, "सप्पा जिंदगी डिवटी केली. म्हटलं, आता तरी संगं राहू."

"मले बी तसंच वाटे."

"मंग?"

"मंग काय," कमळाने त्याच्या केसात अडकलेली कामटीची चिपटी काढून टाकली. "तुम्ही इथी राहा. मी तिथी राहीन."

"लोकं हासन."

"लोकायले आज ढोली भेटली हाय हासाले. पुरे हाय तेवढं."

अंगणातून हॉर्न वाजला. यावेळी बिरजूने हात काढलाच नाही. दोघं उठली. मुखरूने आधी तिला पुढे जाऊ दिलं, एवढा मान त्याने तिला सासरच्या घरात कधी दिला नव्हता.

"राहू द्या रे," अंगणात येऊन तो म्हणाला. "आत घ्या. पोते बी उतरवा."

"आत्ता तं चढवले!" डोमा कावला. "दादा, काय चालून राह्यलं तुमचं?"

"ढोली नाई म्हनते," मुखरू म्हणाला.

आत जायला ढोलीने काहीच कष्ट दिले नाहीत. दोन माणसांनी जरा रेटा दिला आणि ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कोलूने तिच्यावरून हात फिरवून एखादी कामटी तर मोडली नाही ना, हे पाहून घेतलं आणि तो पहिल्यांदा हसला. टेम्पोतून पोती उतरली, किडूकमिडूकही उतरलं. कमळाची जाऊ मंगली दारात येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही बी चपला काहाडा आता." कमळाने तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "शेंगा झाल्या हाय बरं, तोडून घे. जून होतीन." मग ती रिकाम्या टेम्पोत बिरजूच्या शेजारी जाऊन बसली. रस्त्यात बिरजूने तिच्याकडे दोन-तीनदा पाहिलं, पण विचारलं काही नाही.

*

पियुष पंधरवडाभर तणतणला. एवढं सोन्यासारखं घर, दोघांच्याही सोयीचं, आणि दोघांनीही त्यात पाय ठेवू नये! दिव्यानी तेवढी म्हणाली, "त्याइले सोय नाई पाहिजे होती." पण ते त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सावरटोल्यात बोलणं उठलं की मुखरूच्या बायकोने म्हातारपणी नवऱ्याला टाकलं. बाबूपेठेत बोलणं उठलं की कमळाबाईचा नवरा शेती करायला पळाला. ओट्यावर एकीने खोदून विचारलं तेव्हा कमळा म्हणाली, "वस्तीच्या गाडीवर गेले हाय." बायकांना तो विनोद वाटला.

मूलचं घर एका तलाठ्याला भाड्याने दिलं.

आणि मूलच्या बाजाराच्या दिवशी दोघं मूलच्या बसस्टँडवर भेटू लागली. मुद्दाम असं काही ठरलं नव्हतं. पहिल्यांदा तो तांदूळ द्यायला आला, ती त्याच्या बीपीच्या गोळ्या घेऊन आली. दुसऱ्यांदा तिने त्याला शर्ट शिवून आणला, त्याने वालाच्या शेंगा आणल्या. मग आणायला काही नसलं तरी येणं राहिलं. तिची गाडी पश्चिमेकडून यायची, त्याची पूर्वेकडून. स्टँडवर कडुलिंबाखाली एक बाक होता. तिथे बसून दोघं एका द्रोणात दोन समोसे खायची. येणाऱ्या प्रत्येक गाडीला मुखरू नावं ठेवायचा. हा क्लच दाबून चालवून राह्यला. त्याले गाडी लावता येत नाई. कमळा दिव्यानीचं, गल्लीचं, कोणाच्या लग्नाच्या साड्या आल्या त्याचं सांगायची. घरात इतकी वर्षं त्यांच्यात एवढं बोलणं झालं नव्हतं. घरी तो असायचा तेव्हा झोपलेला असायचा.

कधी बाजार करून दोघं ले-आउटकडे फेरी मारून यायची. फाटकाबाहेरून घराकडे बघायची. तलाठ्याच्या बायकोने पोर्चमध्ये कुंड्या ठेवल्या होत्या, खिडकीला फुलांचे पडदे लावले होते. "झाक दिसून राह्यलं," मुखरू म्हणायचा. "हाव, झाक हाय," कमळा म्हणायची. मग दोघं परत स्टँडवर यायची.

निरोपाच्या वेळी तो दर वेळी म्हणायचा, "चाल, माही गाडी रिकामी हाय." ती दर वेळी म्हणायची, "तुम्हीच चाला, माही बी रिकामी हाय." आणि दोघं आपापल्या गाडीकडे जायची.

त्या दिवशी उन्हं उतरत होती. रोवणा नुकताच आटपला होता, मुखरूच्या पायांना अजून चिखलाचा पिवळेपणा होता. तो अंगाने वाळला होता, पण काळवंडून तुकतुकीत झाला होता. कमळाने त्याच्या पायांच्या बोटांकडे पाहिलं. तिथे चिखल्या झालेल्या होत्या.

"मलम लावत जा," ती म्हणाली. "ढोली कितीक खाली झाली?"

"अर्धी बी नाई. नवं धान घालाले जागा नाई होनार," मुखरू म्हणाला. "एकट्याले काय लागते?"

"मंग एवढी मोठी काऊन विनाले लावली? कोलूले लहान सांगतली असती तं दारातून बी निघाली असती."

तिने हे सहज, चिडवायला म्हटलं होतं. मुखरूने समोशाचा रिकामा द्रोण हातात चुरगाळला, मग पुन्हा सरळ केला.

"दोघायच्या मापानं सांगतली होती," तो म्हणाला. "म्हटलं, पाहून तरी राहशीन."

ढोली दारात अडकली होती त्या सकाळी नवऱ्याच्या मनातलं आपल्याला सगळं कळलं, असं ती इतके महिने समजून होती. त्याला गावी राहायचं आहे एवढंच तिने त्या ढोलीत वाचलं होतं. तिला थांबवायचं आहे, हे तिने वाचलंच नव्हतं. आणि वाचलं असतं तरी ती थांबली नसती, हेही तिला कळत होतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

"गाडी लागली तुही," मुखरू म्हणाला.

चंद्रपूर गाडी फलाटाला लागली होती. त्याने तांदळाची पिशवी उचलून तिला दारापर्यंत नेलं आणि वर चढवून दिलं. तिने खिडकीजवळची जागा धरली, पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. तो खाली खिडकीशी येऊन उभा राहिला. त्याच्या गाडीत ती किती वेळा बसली असेल, दर वेळी ड्रायव्हरच्या मागची जागा, आणि दर वेळी समोर त्याची खाकी पाठ. खिडकीतून असा खाली उभा असलेला त्याचा चेहरा तिने या वर्षीच पाहायला सुरुवात केली होती. कानाजवळ पांढरं झालं होतं. गालावर गावचं ऊन दिसत होतं. तो बरा दिसत होता, हे तिला मान्य करावंच लागलं.

"गोळ्या चुकवू नोका," ती म्हणाली.

"नाई चुकवत."

मुखरूने गाडीच्या पुढच्या चाकाकडे पाहिलं, मागे कोणी नाही ना ते पाहिलं आणि जुन्या सवयीने पत्र्यावर दोनदा थाप मारली. ड्रायव्हरने गाडी काढली.

स्टँडच्या फाटकाशी एक बाई धावत येऊन चढली. कडेवर पोर होतं. ती दांड्याला धरत धरत कमळाच्या बाकापाशी आली आणि पिशवीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "बाई, इथी कोनी येऊन राह्यलं का?"

कमळाने खिडकीतून मागे वळून पाहिलं. कडुलिंबाखाली मुखरू अजून उभा होता.

"नाई," ती म्हणाली, आणि तिने तांदळाची पिशवी उचलून मांडीवर घेतली.